ऐकणाऱ्याची जागा : घरातील संगीतश्रवण आणि सभोवारच्या ध्वनीचा इतिहास

१

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ सोडून डोलवी ओलांडली की गडब लागते. एकीकडे भातशेती आणि खाडीलगतची खारजमीन, दुसरीकडे महामार्गाची वर्दळ आणि जवळच पोलादाचा कारखाना, असा या गावाचा आजचा शेजार आहे. पेण तालुक्यातील या गावी आमचे जुने घर आहे. ते आता कौलारू राहिलेले नाही. काही वर्षांपूर्वी पुतण्याने त्याच्या दर्शनी खोलीत पाच स्पीकर आणि मंद्र ध्वनीसाठी एक सबवूफर अशी सराउंड साउंडची मांडणी केली. समोर तीन, मागे दोन. तारा भिंतीतून नेल्या, स्पीकरांची उंची मोजपट्टीने ठरवली आणि साऱ्यांच्या मध्ये एक खुर्ची ठेवली. घरातील सर्वांत वडील बाई, म्हणजे माझी आत्या, हा खटाटोप दारातून पाहत होती. सारे जागच्या जागी बसल्यावर तिने विचारले, ‘‘आणि बाकीच्यांनी कुठं बसायचं?’’

प्रस्तुत लेख म्हणजे या प्रश्नाचा पाठपुरावा आहे. संगीताचा इतिहास लिहिताना आपण गायकांचा, घराण्यांचा, बंदिशींचा, फार तर आश्रयदात्यांचा विचार करतो. ऐकणारा कोठे बसत होता, एकटा होता की चारचौघांत, आवाज त्याच्या समोरून येत होता की सभोवतालून, याची नोंद सहसा होत नाही. घरातील श्रवणयंत्रांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर प्रत्येक यंत्राने ऐकणाऱ्याला एक जागा नेमून दिलेली दिसते. सराउंड साउंडने दिलेली जागा मधली आहे, आणि ती एकाचीच आहे.

२

यंत्रांच्या आधीची स्थिती पाहू. पेण-रोहा पट्ट्यातील आगरी समाजात लग्नात धवले गाण्याची परंपरा आहे. ते गाणारी धवलारीण ही बहुधा वयाने वडील आणि लग्नविधींची जाणकार असते. साहित्याच्या अभ्यासकांना या शब्दाशी वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. तेराव्या शतकातील महदंबेच्या ‘धवळ्यां’पासून तो मराठीत आहे, आणि तेथेही प्रसंग विवाहाचाच आहे. माझ्या आठवणीतील धवले मांडवात किंवा ओटीवर गायले जात. धवलारीण ओळ उचलायची आणि भोवती दाटीवाटीने बसलेल्या बायका ती परत घ्यायच्या. मूल म्हणून आईच्या मांडीवर बसले की एक आवाज समोरून येई, दुसरा पाठीमागून आणि तिसरा थेट आईच्या छातीतून. त्यांत कोणता आवाज गाणाऱ्यांचा आणि कोणता ऐकणाऱ्यांचा, हे सांगता येत नसे.

भजनातही असेच होते. बुवा, पखवाज आणि भोवती टाळकरी. वारकरी कीर्तनात टाळकरी कीर्तनकाराच्या मागे ओळीने उभे राहतात, तर दिंडीत चालणारा वारकरी अक्षरशः आवाजाच्या मध्यात चालतो. कोकणातील जाखडीत गाणारे-वाजवणारे मध्ये बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती फिरतात. या सर्व प्रकारांत आवाजाला दिशा आहेत, खोली आहे, मागेपुढे आहे. युरोपातही अशी दृष्टी होती. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये गायक-वादकांचे गट वेगवेगळ्या सज्जांत उभे करून त्यांच्यासाठी रचना केल्या जात. बेर्लिओझने १८३७ च्या आपल्या ‘रेक्विएम’मध्ये पितळी वाद्यांचे चार ताफे चार कोपऱ्यांत ठेवले.

ख्यालगायनाच्या मैफलीची मांडणी मात्र निराळी. गायक मध्ये, त्याच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी, मागे दोन तानपुरे, आणि श्रोते समोर. आवाज एका बाजूने येतो आणि ऐकणारा त्याला सामोरा बसतो. या मांडणीत चहूबाजूंनी आवाज असलेला माणूस एकच असतो, तो म्हणजे स्वतः गायक. तानपुऱ्यांची आस त्याच्या कानामागून येते आणि ठेका उजवीकडून. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

३

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहर जान यांचे गाणे तबकडीवर मुद्रित झाले. तेथून पुढे तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग कसा बसवावा, हा प्रश्न गायकांपुढे आला. मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांनी तो आपल्यापरीने सोडवला. भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँ यांचे गाणे मात्र तबकडीवर नाही. त्यांच्याविषयी आपण जे वाचतो ते ऐकणाऱ्यांच्या आठवणींतून आलेले आहे. तबकडीने काळावर घातलेल्या बंधनाविषयी बरेच लिहिले गेले आहे. अवकाशावर तिने काय केले, याविषयी त्या मानाने थोडे. पखवाज, टाळ, तानपुरा, गळा या सर्वांना तिने एकाच कर्ण्याच्या तोंडातून बाहेर काढले.

या एका तोंडाभोवती घर नव्याने जमले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ चे. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून त्या केंद्राने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ वर्षभर प्रक्षेपित केले. एकूण छप्पन्न गीते. त्या वेळी घराघरांत रेडिओला हार घातला जाई, पुढे उदबत्ती लावली जाई, हे त्या पिढीने पुष्कळदा सांगितले आहे. श्रवणाच्या इतिहासात या गोष्टीला महत्त्व आहे. मराठी घरांनी सामुदायिकपणे आणि इतक्या एकाग्रतेने ऐकलेले हे संगीत एका लहानशा स्पीकरमधून येत होते. त्यात डावे-उजवे नव्हते, उंच स्वर पुरते पोहोचत नव्हते आणि मंद्र तर जवळजवळ नव्हताच. पण ऐकण्यासाठी विशिष्ट जागी बसावे लागत नव्हते. स्वयंपाकघरातून ऐकू येई, ओटीवरून येई, शेजारच्या अंगणातूनही येई. एकच उगम असलेला आवाज सर्वांना सारखाच अपुरा मिळतो, आणि या सारखेपणामुळे तो सर्वांचा होतो.

४

दोन कानांसाठी दोन वाटा असाव्यात, ही कल्पना रेडिओहून जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेरागृहातील आवाज तारांवरून आणला. ऐकणाऱ्याने एकेका कानाला एकेक श्रवणनळी लावायची. गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे गेला की तसे ऐकूही येई. पुढे १९३१ मध्ये इंग्लंडच्या ॲलन ब्लूमलाइन याने स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचे मूलभूत पेटंट मागितले. चित्रपटगृहात नट पडद्याच्या एका टोकाला असताना त्याचा आवाज भलतीकडून येतो, हे त्याला खटकले, अशी हकिकत सांगितली जाते. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीसाठी उडालेल्या विमानाच्या अपघातात तो मरण पावला तेव्हा त्याचे वय अवघे अडतीस होते. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ च्या आसपास.

स्टिरिओमागील तत्त्व सोपे आहे. उजवीकडचा आवाज उजव्या कानाशी आधी पोहोचतो, डाव्याशी नंतर. हा फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सहा-सात दशांश इतका असतो. एवढ्याशा अंतरावरून आणि आवाजाच्या कमीअधिकपणावरून मेंदू दिशा ठरवतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधला तर दोहोंच्या मध्ये, जेथे काहीच ठेवलेले नाही, तेथे गायक बसल्याचा भास होतो. ऐकणारा हातभर बाजूला सरकला की गायकही जवळच्या स्पीकरकडे सरकतो. ध्वनी खोलीत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे एक फूट कमी अंतर म्हणजे जवळजवळ एक सहस्रांश सेकंदाची आघाडी, आणि कान आधी आलेल्यावर विश्वास ठेवतो. यंत्राने घरात पहिल्यांदा ‘योग्य जागा’ निर्माण केली ती येथे. तिच्यावर एकच माणूस बसू शकतो.

सत्तरच्या दशकात क्वाड्राफोनिक म्हणजे चार स्पीकरांची पद्धत आली. एसक्यू, क्यूएस आणि सीडी-फोर अशा परस्परांशी न जुळणाऱ्या तीन पद्धतींच्या तबकड्या निघाल्या. ग्राहक गोंधळला आणि दशक संपण्याआधीच ती लाट ओसरली. तिचे अपयश बाजारपेठेतील भांडणाच्या खाती मांडले जाते, आणि ते खरेही आहे. पण मागच्या स्पीकरांतून नक्की काय यावे, याचे समाधानकारक उत्तर त्या काळी कोणापाशीच नव्हते, हेही तितकेच खरे. त्याच सुमारास अमेरिकेतील डेव्हिड हाफलर याने एक साधी जोडणी सुचवली. डाव्या आणि उजव्या वाहिनीच्या धन टोकांमध्ये एक जादा स्पीकर जोडून तो मागे ठेवायचा. दोन्ही वाहिन्यांत जे समान आहे ते तेथे वजा होते आणि उरतो तो दोहोंमधील फरक. समान असतो मधला गायक. फरकात बहुतांशी सभागृहाचा घुमारा, टाळ्या आणि दूरचे पडसाद असतात. पुढे आलेल्या डॉल्बी प्रो लॉजिकसारख्या पद्धतींच्या मुळाशी हेच वजाबाकीचे तत्त्व आहे.

५

सराउंड साउंड घरात आला तो मात्र संगीताच्या दारातून नाही, चित्रपटाच्या. डिस्नेच्या ‘फँटेशिया’ने १९४० मध्ये काही निवडक चित्रपटगृहांत बहुवाहिनी ध्वनी योजला होता. आपल्याकडे सत्तर मिलिमीटर आणि स्टिरिओफोनिक ध्वनी ही शब्दजोडी लोकांच्या तोंडी बसली ती ‘शोले’मुळे, १९७५ साली. त्या चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणाशी जोडलेले नाव मराठी आहे : राजकमल कलामंदिराचे मंगेश देसाई. जमिनीवर पडणाऱ्या नाण्याचा आवाज पडद्याच्या कोणत्या बाजूला जावा, हा सौंदर्यदृष्टीचा प्रश्न असू शकतो, हे भारतीय प्रेक्षकाला तेव्हा उमगले. नव्वदच्या दशकाच्या मध्यास हिंदी चित्रपटांत डॉल्बी आले, पुढे डीव्हीडी आली आणि ‘होम थिएटर’ हा शब्द शहरातून गडबसारख्या गावापर्यंत पोहोचला. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने पाच स्पीकरांची प्रमाण मांडणी ठरवून दिली होती : एक समोर, दोन तीस-तीस अंशांवर, दोन मागच्या अंगाला सुमारे एकशे दहा अंशांवर, सर्व एका वर्तुळावर आणि ऐकणारा वर्तुळमध्याशी.

केवळ संगीतासाठी बहुवाहिनी तबकड्याही निघाल्या. १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी, २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ. एमपी-थ्री आणि इयरफोनच्या काळात त्या सर्वसाधारण घरांत रुजल्या नाहीत. पण त्यांच्यामुळे जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. संगीताच्या मुद्रणात ऐकणाऱ्याला बसवायचे कोठे? एक मत असे की त्याला सभागृहात उत्तम आसन द्यावे, म्हणजे संगीत समोरून येईल आणि मागून केवळ वास्तूचा प्रतिसाद. दुसरे मत असे की त्याला वादकांच्या मध्ये नेऊन बसवावे.

हे दुसरे मत ख्यालगायनाला लावले तर काय होईल, याचा विचार आपल्या समीक्षेत व्हायला हवा. मागच्या दोन स्पीकरांतून तानपुरे, उजवीकडून तबला, डावीकडून पेटी. ही जागा कोणाची, हे आपण वर पाहिलेच आहे. म्हणजे यंत्र श्रोत्याला गायकाच्या आसनावर बसवते. तेथे सर्व काही ऐकू येते. समोर मात्र दाद देणारा, मान हलवणारा, क्वचित कंटाळणारा श्रोता नसतो, आणि ज्याला पाहून गायक पुढची जागा घेतो तो गायकही नसतो. मैफलीतील श्रोत्याने समोर बसणे ही केवळ सोय नाही, गाण्याच्या घडणीत त्याला दिलेली ती भूमिका आहे. म्हणून ख्यालाच्या मुद्रणापुरते पहिले मत मला अधिक प्रामाणिक वाटते. मागच्या स्पीकरांतून फक्त खोली ऐकू यावी.

आणि खोली ही क्षुल्लक बाब नव्हे. वॉलेस सबाइन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८९५ नंतर हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात रात्री-अपरात्री प्रयोग करून घुमाऱ्याचा नियम शोधला. घुमारा खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि ध्वनी शोषणाऱ्या पृष्ठभागाबरोबर घटतो. बारा फूट रुंद, पंधरा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी आपल्याकडची स्लॅबची रिकामी खोली घेतली तर गिलावा, फरशी आणि काच मिळून फारच थोडा ध्वनी शोषतात. घुमारा दीड-दोन सेकंदांच्या घरात जाऊ शकतो. अशा खोलीत पाच स्पीकर ठेवणे म्हणजे एका गोंगाटाचे पाच करणे. कौलारू घराची गोष्ट वेगळी होती. कौलांच्या फटींतून आवाज निघून जाई. गोधड्या, धान्याची पोती आणि मुख्यतः माणसे तो शोषून घेत. माणूस हा उत्तम ध्वनिशोषक आहे, ही सबाइनच्या संशोधनातील मला सर्वांत प्रिय वाटणारी गोष्ट. भरल्या घरात आवाज नितळ ऐकू येतो तो ऐकणाऱ्यांच्या अंगामुळे.

६

या इतिहासाची एक विपरीत बाजूही नोंदवायला हवी. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती ध्वनिफितीतील खरखर कमी करण्यासाठी. मराठीत मात्र ‘डॉल्बी’ म्हणजे वरातीत आणि विसर्जनात गाडीवर रचलेली स्पीकरांची भिंत. त्या भिंतीशी त्यांच्या कंपनीचा काही संबंध नाही. गोंगाट कमी करणाऱ्याचे नाव आपण गोंगाटालाच दिले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. वरातीच्या वाटेवर राहणाऱ्यांना तिचे काय होते ते ठाऊक आहे. सभोवार ध्वनी गावोगाव खऱ्या अर्थाने पोहोचला तो या रूपात, न मागता आणि न टळता. आमच्याकडच्या लग्नांत धवले मागे पडले त्याची कारणे अनेक आहेत. एक अगदी भौतिक आहे. उघड्या गळ्याने गाणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा आवाज त्या भिंतीपुढे ऐकूच येत नाही. मग ती गायची थांबते, आणि परत घेणाऱ्याही विसरतात.

त्यामुळे त्या दिवशी पुतण्याची मांडणी पुरी झाल्यावर मी एक जुनी कॅसेट लावायला सांगितली. घरातील एका लग्नात, एकाच मायक्रोफोनच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेले धवले. यंत्राने आपला हिशेब चोख केला. दोन्ही वाहिन्यांत एकच आवाज असल्याने तो सारा मधल्या स्पीकरकडे गेला आणि मागे पाठवण्यासारखे काही उरले नाही. मागच्या दोन स्पीकरांतून फक्त फितीची खरखर येत होती, कारण तेवढीच काय ती दोन्हीकडे वेगळी होती. पाच स्पीकरांच्या खोलीत आजी एका कोपऱ्यातून गात होती. पुतण्या ओशाळला आणि सर्व स्पीकर एकदम वाजवणारी कळ शोधू लागला. आत्याने त्याला थांबवले. खुर्ची बाजूला सारून ती खाली बसली, बसल्या बसल्या काकूलाही बोलावून घेतले, आणि आजीची ओळ संपताच ती परत घेतली. पुढची ओळ आत्याला येत होती, काकूला अर्धी. त्यापुढची दोघींनाही आली नाही. तेथे कॅसेट एकटीच पुढे गेली.

यावरून यंत्र निरुपयोगी ठरते, असे मला म्हणायचे नाही. जून २०२१ पासून ॲपल म्युझिकवर डॉल्बी ॲटमॉसमध्ये मिश्रित केलेले संगीत मिळते. बहुतेक लोक ते पाच स्पीकरांवर ऐकत नाहीत, दोन कानांत दोन बोंडे घालून ऐकतात, म्हणजे आदेरच्या १८८१ च्या श्रवणनळ्यांकडे आपण परतलो आहोत. या तंत्राला आपल्याकडे करण्यासारखे एक काम शिल्लक आहे. भजन, दिंडी, जाखडी, धवले यांचे मुद्रण आजवर बहुधा मैफलीच्या धर्तीवर झाले : समोर एक गायक आणि बाकी सारे ‘साथ’. हे प्रकार मुळातच सभोवार आहेत. धवलारणीचा आवाज एका वाहिनीवर आणि परत घेणाऱ्यांचे आवाज ज्या त्या दिशेने स्वतंत्र वाहिन्यांवर, असे मुद्रण आज महाग राहिलेले नाही. लोकसाहित्याच्या आपल्या संहितांत ओळी छापलेल्या असतात. ओळ कोण उचलते, कोण परत घेते आणि कोठून, हे बहुधा त्यांत नसते. असे मुद्रण ही त्या संहितेची पुरी आवृत्ती ठरेल.

मात्र ते ऐकताना एक वाहिनी रिकामी सोडावी लागेल. जुन्या घरात आवाज चहूकडून येई, कारण चहूकडे बसलेली माणसे गात होती. त्यांना ओळी येत होत्या. आत्या अजून गडबलाच असते. तिला किती ओळी येतात, हे विचारायला मी येत्या सुट्टीत जाणार आहे.